केळुसकर सिंड्रोम

कार्डिओग्रामची बारावी पट्टी मशीनमधून सळसळत बाहेर आली आणि मी जागच्या जागी उडी मारली. अलंकारिक नव्हे, खरीखुरी. येडूरवाडीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, दोन बाकं जोडून केलेल्या टेबलाशेजारी एक सव्वीस वर्षांची डॉक्टर पांढऱ्या कोटासकट हवेत गेली आणि खडूच्या डब्यावर उतरली.

"काय झालं, डाक्टरबाई?" वैजूनं विचारलं. ती टेबलावर उठून बसली होती आणि छातीवर उमटलेले लाल गोल ओढणीनं झाकत होती.

"काही नाही. छान. फारच छान."

"माझं हृदय छान हाय?"

तिचं हृदय मुळीच छान नव्हतं. तिचंच काय, येडूरवाडीच्या रणरागिणी क्रीडा मंडळाच्या बाराच्या बारा पोरींची हृदयं भलतीच काहीतरी करत होती, आणि म्हणूनच तर मी उडी मारली होती.

ही उडी कळायला थोडं मागे जावं लागेल. मी एम.डी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. मला खेळाडूंच्या हृदयाची डॉक्टर व्हायचं होतं. आज असं म्हटलं तर लोक कौतुकानं माना डोलावतात. तेव्हा आमचे हर्डीकर सर अख्ख्या वॉर्डासमोर खो खो हसले होते. "केळुसकर, खेळाडूंची हृदयं ठणठणीत असतात म्हणून तर ते खेळाडू असतात! तू म्हणजे टक्कल पडलेल्यांसाठी केशकर्तनालय काढायला निघालीस." वॉर्डातले पेशंटसुद्धा हसले. एकाला तर त्या हसण्यानं ठसका लागला आणि मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

पण सर मनानं चांगले. महिनाभर मी त्यांच्या मागे भुणभुण लावल्यावर कंटाळून म्हणाले, "बरं बाई. स्टोअरमधलं ते जुनं मशीन घेऊन जा. एखादा संघ पकड, त्यांचे कार्डिओग्राम काढ. काही सापडलं तर तुझ्या विषयाचं बघू. नाही सापडलं तर गुपचूप मधुमेहावर प्रबंध लिहायचा."

म्हणून मी त्या शनिवारी सकाळी एसटीनं, मांडीवर मशीन घेऊन, येडूरवाडीला आले होते. तिथे मुलींच्या कबड्डीचे सामने होते आणि चार वाजता अंतिम सामना होता. येडूरवाडीचा संघ अंतिम फेरीत होता. त्यांचे मास्तर रंगराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की शेजारच्या गावात कवायत सुरू व्हावी. त्यांनी मला वर्ग उघडून दिला, खिडकीला साडी बांधून आडोसा केला आणि म्हणाले, "तपासा काय तपासायचं ते. पण चारच्या आत पोरी मोकळ्या करा. आज पोलीस संघाच्या निवडीच्या बाई येनार हायत. आमची वैजू खोत बघायला. ती निवडली की भरती झालीच म्हनून समजा. कायमची नोकरी. तिचा बाप दोन सालामागं गेला, घरात दोन बारक्या भनी. समजलं न्हवं?"

समजलं, मी म्हटलं.

ते मशीन आजच्यासारखं नव्हतं. हातापायांना पत्र्याचे चिमटे आणि छातीला रबरी फुगे. फुगा दाबायचा, छातीवर टेकवायचा, सोडायचा, की तो फच्च करून चिकटायचा. पहिल्याच पोरीला, शेवंताला, तो लावल्यावर ती किंचाळली, "अगं आई गं, म्हशीला लावत्यात त्ये मशीन हाय ह्ये!" आणि आडोशापलीकडच्या दहा जणी खिदळल्या. गावात नुकतीच डेअरीवाल्यांनी दूध काढायच्या यंत्राची प्रात्यक्षिकं दाखवली होती, त्यामुळे पुढे दोन तास मला "डाक्टरबाई, किती लिटर?" हे ऐकावं लागलं.

या सगळ्या दंग्यात वैजू तेवढी शांत होती. कप्तान म्हणून ती प्रत्येकीच्या उशाशी उभी राहिली. काळीसावळी, लांब हातांची, बोलणं कमी. मी मशीन सुरू करायच्या आधी प्रत्येकीच्या कपाळावर हात ठेवायची, वाकून कानात काहीतरी सांगायची. धीर देत असणार, मी मनात म्हटलं. मला ते फार आवडलं.

मशीन एकेक तार करत पट्टी काढायचं. एका पोरीला मिनिट, सव्वा मिनिट. तेवढा वेळ माझे डोळे पट्टीवर. पट्टी संपली की टेबलावरची पोरगी मोठ्ठा सुस्कारा सोडायची. लाजेतून सुटल्याचा सुस्कारा, असं मी समजत होते.

आणि पट्टीवर काय दिसावं? सुरुवातीला सगळं ठीक. मग ठोके लांब लांब जायला लागायचे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी पट्टीवर एक छोटा उंचवटा येतो. शेवटी शेवटी तो उंचवटाच गायब, आणि दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा की तिथे सही करता यावी. पहिल्या पोरीत हे दिसलं तेव्हा मी दचकले. तिसरीत दिसलं तेव्हा चष्मा पुसला. सहावीत दिसलं तेव्हा पट्टीवरचे चौकोन दोनदा मोजले. आणि बारावीच्या वेळी मला साक्षात्कार झाला. एक गाव, बारा पोरी, बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या, आणि बाराही जणींत तोच दोष. आनुवंशिक. कुठल्याच पुस्तकात नसलेला. मी, वसुधा केळुसकर, एका नव्या हृदयरोगाची जनक होते!

उडी मारून खाली येईपर्यंत मी त्याचं नावसुद्धा ठेवलं. केळुसकर सिंड्रोम. हर्डीकर सर पाठ्यपुस्तक उघडताहेत आणि त्यात ते नाव त्यांना दिसतंय, असं चित्रही बघून झालं. मग खडूचा डबा सावरताना डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. रोग आहे म्हणजे समोरच्या बारा पोरी आजारी आहेत. आणि चार वाजता त्या जीव खाऊन खेळणार आहेत.

मी बाहेर आले. रंगराव मास्तर मैदानावर फक्कीनं रेषा आखत होते.

"मास्तर, सामना रद्द करावा लागेल."

मास्तरांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. "पाऊस येनार हाय का?"

"नाही. तुमच्या मुलींना हृदयविकार आहे."

"कुनाला?"

"सगळ्यांना."

मास्तरांनी माझ्याकडे आधी डॉक्टर म्हणून बघितलं, मग पाहुणी म्हणून, आणि शेवटी, मला स्पष्ट दिसलं, पेशंट म्हणून. "बाई, उन्हात चालत आलासा. न्याहारी केली व्हती न्हवं?"

पण मी पट्ट्या काढल्या. बारा पट्ट्या शाळेच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या, त्यावर खडे ठेवले आणि मास्तरांना एकेक मोकळी जागा बोटानं दाखवली. माणूस कितीही खमक्या असो, कागदावर छापून आलं की बिचकतो. मास्तर चौथ्या पट्टीपर्यंत गप्प झाले आणि आठव्या पट्टीशी ओट्यावर बसले. "ह्या शेवंतानं सकाळी शंभर उठाबशा काढल्या," ते पुटपुटले. "माझ्यासमूर काढल्या."

तोवर बातमी पोरींपर्यंत गेली होती. एक जण रडायला लागली. मग रडणं साथीसारखं पसरलं. शेवंता म्हणाली, तिच्या लग्नाचं बघताहेत, आता कोण करणार? दुसरी म्हणाली, "मला कालपास्नंच छातीत कळ येतीया." तिला काल सरावात कुणाचंतरी कोपर लागलं होतं हे तीच विसरली होती. वैजू भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. "साऱ्यांचीच पट्टी तशी हाय?" एवढंच तिनं मला विचारलं.

"सगळ्यांची."

"मंग साऱ्या खेळतील न्हाईतर कुनीच न्हाई. असंच न्हवं?"

मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मी ते शौर्य समजले. त्या दिवशी मी काय काय समजत होते याला सुमार नाही.

ग्रामपंचायतीच्या फोनवरून मी सरांना गाठलं. मागे सरपंच, दोन सदस्य आणि मास्तर उभे. मी छाती फुगवून सांगितलं, "सर, बारापैकी बारा. ठोके अठ्ठावीसपर्यंत खाली जाताहेत. हा नवीन आनुवंशिक..."

"केळुसकर," सर म्हणाले, "तू स्वतःचा काढलास?"

"काय?"

"कार्डिओग्राम. स्वतःचा. बारा जणींना एकच रोग असेल तर बहुतेक तो रोग मशीनला असतो. आडवी हो, स्वतःची पट्टी काढ आणि मग मला नोबेलचं सांग." फोन ठेवला.

म्हणून पावणेदोन वाजता मी त्या बाकांवर आडवी झाले. हातापायांना चिमटे, छातीला फच्च फच्च फुगे. आडोशात बारा पोरी दाटीवाटीनं उभ्या, रडून रडून नाकं लाल. मी हात लांबवून बटण दाबलं. मशीन कुरकुरायला लागलं. छताकडे बघत मी नेहमीसारखी पडून राहिले.

पाच सेकंद गेले असतील. शेवंता घाईघाईनं म्हणाली, "डाक्टरबाई, दम धरा की!"

"काय धरू?"

"दम! तुमी श्वास घेताय. नापास व्हाल!"

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मशीन आपलं चालूच होतं. "शेवंता, तू दम धरला होतास?"

"मंग? पट्टी सरस्तवर सोडला न्हाई. माझा सव्वा मिन्टाचा हाय. हिचा मिन्टाचा. ही लबाड, हिनं मधी नाकातनं घेतला."

"न्हाई घेतला!" ती किंचाळली.

कबड्डीचा सगळा खेळ दमाचा. एका श्वासात प्रतिपक्षाच्या अंगणात जायचं, एकाच श्वासात परत यायचं. या पोरींनी आठव्या वर्षापासून दुसरं केलं काय होतं? कुणी छातीला यंत्र लावलं तर ते दमच मोजणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि सव्वा मिनिट श्वास कोंडल्यावर कुणाचंही हृदय तेच करतं, जे त्या बारा जणींचं करत होतं. हे मी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. त्यात मला चांगले मार्कसुद्धा होते.

मला हसू यायला लागलं. आधी पोटात, मग फुगे लावलेल्या छातीत. एक फुगा फटकन सुटून उडाला आणि थेट मास्तरांच्या मुलीच्या, म्हणजे संघाच्या नवव्या नंबरच्या, वेणीत अडकला. मग जे काही झालं ते विचारू नका. बारा पोरी, एक डॉक्टर, हसून हसून मुरकुंडी. मी हसत असतानाही मशीन पट्टी काढत होतं. ती माझ्याकडे अजून आहे आणि ती बघून कुठलाही डॉक्टर मला ताबडतोब अतिदक्षता विभागात घालेल. साडीपलीकडून मास्तर ओरडत होते, "काय झालं? कोन मेलं?"

"कुनी न्हाई, आबा! समद्या जित्या हायत!"

मास्तरांनी तिथल्या तिथे, साठी उलटलेल्या माणसानं, दोनदा दंड थोपटले. त्याचा आवाज मला आत ऐकू आला.

केळुसकर सिंड्रोमचं आयुष्य एकूण साडेतीन तासांचं झालं. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. उलट इतकं हलकं वाटत होतं की पट्ट्या परत काढताना मी गुणगुणत होते. आता प्रत्येकीला सांगायचं, श्वास घे, सोड, घे, सोड. आणि काय सुंदर हृदयं होती ती! मोठी, संथ, शिस्तीची. पन्नास ठोके, अठ्ठेचाळीस ठोके, पाणचक्की चालल्यासारखी. अकरा पट्ट्या. अकराही ठणठणीत. सर म्हणाले होते तशाच.

"वैजू कुठाय?"

वैजू नव्हती. ती मास्तरांबरोबर रेषा आखायला गेली होती. बोलावलं तर निरोप आला, माझं कशाला, साऱ्यांचं चांगलं आलं तर माझं बी चांगलंच. अडीच वाजले होते. मीही सोडून दिलं असतं. पण बारा म्हणजे बारा, सरांना अकरा दिल्या तर ते अकरावरच बोलतील. मी स्वतः जाऊन तिला हात धरून आणलं.

ती आडवी झाली. मी चिमटे लावले. "श्वास घे, वैजू."

तिनं मान हलवली. मशीन सुरू झालं. या वेळी मी पट्टीकडे नाही, तिच्याकडे बघितलं. तिची छाती हलत नव्हती. डोळे छताला, जबडा आवळलेला.

"वैजू, दम सोड. आता सगळं कळलंय, आता कशाला?"

तिनं सोडला नाही. एक मिनिट. कानशिलावरच्या शिरा उभ्या राहिल्या. मी मशीन बंद केलं, टेबलाच्या कडेला बसले आणि थांबले. बाहेर लाऊडस्पीकरवर कुणीतरी "हॅलो, माइक टेस्टिंग" करत होतं. शेवटी तिनं श्वास सोडला आणि त्याबरोबर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पहिल्यांदाच.

मी बटण दाबलं.

पट्टीवर ठोका चढताना सरळ उभा चढतो. तिचा आधी किंचित तिरका चढत होता, मग उभा. जिन्याच्या पहिल्या पायरीला कुणी उतार करून ठेवावा, तसा. मी सकाळची तिची पट्टी काढून शेजारी धरली. सुरुवातीच्या ठोक्यांत तोच उतार होता. मी तो बघितलाच नव्हता. मी बारा जणींत एकच गोष्ट शोधत बसले होते.

"कधी धडधडतं?" मी हळूच विचारलं.

तिनं मनगटावरचा चिमटा चाचपला. मग म्हणाली, "घोडं सुटतं."

"म्हणजे?"

"आत. एकाएकी घोडं उधळतं. डोळ्यांम्होरं अंधारी येती. सातवीत व्हते तवापास्नं. मी खाली बसते, दम धरते, जोर लावते, मग ते बसतं." ती छताशीच बोलत होती. "मशीनम्होरं सुटलं तर तुमास्नी कळंल. म्हनून दम धरायचा. पन मी एकटीनं धरला तरी तुमास्नी कळंल. म्हनून साऱ्यांस्नी सांगितलं, मशीन दम मोजतंय म्हनून."

उशाशी उभी राहून ती प्रत्येकीच्या कानात काय सांगत होती, ते मला तेव्हा समजलं.

"साऱ्यांची पट्टी सारखी आली की कुनी एकटीला बाजूला काढत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं."

मी तिला समजावलं. हृदयात विजेची एक वाट असते. तुझ्यात जन्मापासून एक जादा आडवाट आहे. घोडं तिथून सुटतं. ती आडवाट बंद करता येते, मुंबईत करतात, छाती फाडावी लागत नाही. आणि तोवर खेळायचं नाही, कारण एखाद्या दिवशी ते घोडं दम धरूनही बसणार नाही.

"चार वाजता बाई येनार हायत," ती म्हणाली. "माझ्यासाठी येनार हायत."

"माहीत आहे."

"सकाळी तुमी साऱ्यांस्नी रोगी म्हनालात. ते खोटं निघालं. आता मला म्हनताय. कोन इस्वास ठेवंल?"

हा प्रश्न बिनतोड होता. बाहेर अख्खं गाव माझ्या नावानं हसत होतं. पानाच्या टपरीवर मला ऐकू येईल अशा आवाजात कुणीतरी म्हणालं होतं, डाक्टरीनबाईंच्याच मशीनला झटका आला. आता मी बाहेर जाऊन सांगणार, की अकरा जणी ठीक, पण नेमकी तुमची कप्तान बसवा.

"तू ठेव," मी म्हटलं. "तू ठेवलास तरी पुरे."

वैजूनं फुगे एकेक करून स्वतःच काढले. केस बांधले. मग बाहेर जाऊन मास्तरांना तिनंच सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं की मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

आणि मग तो सामना! तसा सामना मी पुन्हा बघितला नाही. वैजू राखीव खेळाडूंत, मैदानाच्या कडेला बाकावर, माझ्या शेजारी. पलीकडचा संघ तासगावकडचा, तगडा. त्यांची सगळी तयारी एका वैजूसाठी. तिला बाकावर बघून त्यांच्या मास्तरांचे डोळे बारीक झाले. हा डाव आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. येडूरवाडीवाले कप्तान लपवून ठेवताहेत, शेवटच्या पाच मिनिटांत सोडणार.

वैजूच्या हे लक्षात यायला दोन चढाया लागल्या. ती मला म्हणाली, "डाक्टरबाई, उठून उभं ऱ्हायलं तर चालंल?"

"उभं राहा. पळायचं नाही."

ती उठली. गुडघ्याला पट्टा चढवला. तळहाताला माती चोळली. सावकाश रेषेपर्यंत गेली, मान दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे केली. समोरच्या संघाच्या दोन्ही कोपरा-खेळाडू तिच्याकडे बघायला लागल्या, आणि तेवढ्यात शेवंतानं एकीला टिपून आणलं. वैजू परत येऊन बसली. पट्टा काढला. पाच मिनिटांनी पुन्हा उठली, पुन्हा पट्टा, पुन्हा माती. त्यांच्या मास्तरांनी दोन पकडपटू राखून ठेवल्या, वैजूसाठी. त्या शेवटपर्यंत राखूनच राहिल्या. गावाला गंमत कळली आणि वैजू नुसती उठली तरी टाळ्या पडायला लागल्या. मी किंचाळत होते. काय किंचाळत होते ते आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला होता.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत आले. वैजूनं माझं मनगट पकडलं. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून हसली. "तुमचंच घोडं सुटलंया की, डाक्टरबाई. दम धरा."

मी दम धरला. शेवंता गेली, दोघींना शिवली, मध्यरेषेवर आडवी झाली, हात पलीकडे. दोन गुणांनी येडूरवाडी जिंकली. रंगराव मास्तरांनी मला उचललं. खरोखर उचललं, कोटासकट. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा हवेत गेले.

निवडीच्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या. खाकी साडी, करडी नजर. "ती बाकावरची मुलगी," त्या म्हणाल्या, "एक चढाई न करता तिनं समोरच्या दोन खेळाडू बांधून ठेवल्या. तिला का बसवलं होतं?"

मी खरं ते सगळं सांगितलं.

"बरी होईल?"

"होईल."

"लेखी द्या."

मी एक पदव्युत्तर विद्यार्थिनी. मला रजेचा अर्जसुद्धा स्वतःच्या जबाबदारीवर देता येत नव्हता. पण डोकं अजून हवेतच होतं. मी खिशातून वैजूची सकाळची पट्टी काढली, त्या कागदामागे लिहिलं, 'ही मुलगी सहा महिन्यांनी खेळेल. मी जबाबदार आहे,' आणि सही केली. हर्डीकर सरांना सोमवारी हे कळलं तेव्हा त्यांचा स्वतःचा कार्डिओग्राम काढायची वेळ आली. "जबाबदार? तू? कुठल्या अधिकारात?" पण ओरडून झाल्यावर त्यांनी तिची दुपारची पट्टी उजेडात धरली. तो तिरका उतार बघितला. चष्मा काढला. मुंबईला फोन त्यांनीच लावला, आणि माझ्या प्रबंधाचा विषयही त्यांनीच फॉर्मवर लिहिला. मधुमेहाचं नाव पुन्हा निघालं नाही.

वैजू पाच महिन्यांनी खेळली.

याला आता बावीस वर्षं झाली. माझ्या दवाखान्याच्या दारावर खेळाडूंचं हृदय असं लिहिलेलं आहे, आणि गेल्या महिन्यात त्या दारातून इन्स्पेक्टर वैजयंता खोत आत आल्या, मागे पोलीस दलाचा मुलींचा नवा संघ. बारा जणी. दंगा तोच. यंत्र आता एवढंसं आहे, फुगे नाहीत, पट्टीला दहा सेकंद पुरतात. मी एकेक करत गेले. वैजू दाराला टेकून मोबाइलवर कुणालातरी झापत होती.

अकरावी एक सडपातळ पोरगी होती, विदर्भातली, फार न बोलणारी. मी तारा लावल्या, यंत्राकडे वळले. दहा सेकंद, मग आणखी दहा. पट्टी अगदी व्यवस्थित दिसत होती.

वैजूनं फोन कानापासून खाली घेतला. दारातून ती सरळ टेबलापाशी आली आणि त्या पोरीच्या कपाळावर तिनं हात ठेवला.

"सोड बाळ," ती म्हणाली. "मी बी धरला व्हता."